सोफ्याआधी वायर: घरचं थिएटर, मोटरचे पडदे आणि घरभर संगीत

नव्या घराचा ताबा मिळाला, की वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो: ‘होम थिएटरसाठी पाच-सहा लाख बाजूला ठेवलेत. कुठल्या कंपनीचे स्पीकर घेऊ?’ हल्ली त्याच्या जोडीला आणखी दोन असतात. ‘मोटरवर चालणारे पडदे टिकतात का?’ आणि ‘सगळ्या घरात गाणी वाजावीत, तर काय बसवायचं?’

तिन्ही प्रश्नांवर मी आधी एकच गोष्ट विचारतो: पीओपीचं काम झालं का? झालं असेल, तर निम्मे पर्याय तिथेच संपलेले असतात. स्पीकर दोन वर्षांनीही बदलता येतो. भिंतीतली वायर बदलायची तर भिंत फोडावी लागते. म्हणून शोरूममध्ये तुम्हाला ज्या क्रमाने वस्तू दाखवतात, त्याच्या उलट क्रमाने चाला: आधी खोली, मग वायर, मग पडदे आणि उपकरणं सगळ्यांत शेवटी.

भिंत कसली आहे, ते आधी विचारा

पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये भिंती विटांच्या नसतात. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. साइटवर या पद्धतीला ‘मायवान’ म्हणतात. अशी भिंत म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, आणि वरच्या मजल्यांचा भारही तीच पेलत असते. तिच्यात कटरने खाच पाडणं धोक्याचं आहे. ताबा घेताना ज्या कागदांवर तुम्ही सह्या केल्या, त्यांत बहुधा याची मनाईही असते. ते कागद काढून वाचा.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला, तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. उद्या भिंतीतून ओल आली आणि त्याच भिंतीत तुमच्या इलेक्ट्रिशियनने खाच पाडलेली असली, तर बिल्डर पहिलं बोट त्या खाचेकडेच दाखवेल. मायवानच्या घरात वायरी फॉल्स सीलिंगमधून, टीव्ही युनिटच्या मागच्या लाकडी पॅनेलमधून किंवा स्कर्टिंगलगतच्या केसिंग पट्टीतून न्या. भिंत विटांची किंवा ब्लॉकची असेल तर खाच चालते, पण बीम आणि कॉलमला हात लावू देऊ नका.

माझ्या घरी घडलेलं सांगतो. हॉलमधल्या टीव्हीपासून सोफ्यामागच्या कपाटापर्यंत १२ मीटरची एचडीएमआय वायर टाकायची होती. कंत्राटदाराने ती पाइप न घालता थेट प्लास्टरमध्ये पुरली, आणि मी त्याला थांबवलं नाही. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग ४के टीव्ही आला. सिनेमा सुरू केला की दर पाच-सात मिनिटांनी चित्र जायचं, दोन सेकंद काळोख आणि पुन्हा चित्र. टीव्ही बदलून पाहिला, प्लेअर बदलून पाहिला. दोष वायरीत होता: इतक्या लांबीवर एवढं चित्र वाहून नेण्याची तिची कुवत नव्हती. पाइप असता तर जुन्या वायरीला नवी बांधून अर्ध्या तासात ओढून घेतली असती. त्याऐवजी प्लास्टर फुटलं, रंग पुन्हा झाला आणि चार दिवस घरभर धूळ होती.

म्हणून पीओपीवाला येण्याआधी एवढं करून घ्या:

- टीव्ही किंवा प्रोजेक्टरच्या जागेपासून उपकरणांच्या कपाटापर्यंत ४० मिमीचा पाइप टाका. एचडीएमआयचं तोंडच सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असतं, २५ मिमीच्या पाइपात ते अडकतं. वळणावर काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड लावा आणि पाइपात नायलॉनची दोरी ठेवून द्या.
- पाच मीटरपर्यंत तांब्याची चांगली एचडीएमआय चालते. त्यापुढे ऑप्टिकल घ्या. तिला दिशा असते: एक टोक प्लेअरचं, दुसरं टीव्हीचं. उलटी ओढली तर चित्रच येत नाही. छत बंद करण्याआधी प्रत्यक्ष चित्र लावून बघा.
- स्पीकरसाठी शुद्ध तांब्याची दोन कोअरची वायर घ्या, १.५ चौरस मिमीची. अंतर १५ मीटरच्या वर गेलं तर २.५ची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर परत करा.
- कॅट-६ची नेटवर्क वायर टीव्हीपाशी, कपाटापाशी, प्रत्येक बेडरूममध्ये आणि वाय-फायचा डबा बसणार असेल तिथे छतात न्या. काँक्रीटच्या भिंतींमागे वाय-फाय हमखास कमी पडतं.
- प्रत्येक खिडकीच्या पेल्मेटमध्ये एका टोकाला विजेचा पॉइंट काढा आणि भिंतीवर त्याचं बटण. आज मोटर घ्यायची नसली तरी काढून ठेवा.
- सब-वूफरसाठी एका नव्हे, दोन कोपऱ्यांत जोडणी काढा. कारण पुढे सांगतो.

स्पीकरच्या आणि नेटवर्कच्या वायरी विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपात घालू देऊ नका. आणि छत बंद होण्याच्या आदल्या दिवशी मेजरिंग टेप भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा आणि छताचा फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना या फोटोंइतका आधार दुसऱ्या कशाचाच नसतो.

खोलीचा आवाज ऐका

रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण ऐकू आली, तर कितीही महागडे स्पीकर लावा, संवाद गढूळच ऐकू येतील. आपल्या घरांत खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, बाजूला गुळगुळीत भिंती आणि समोर काचेचं सरकतं दार असतं. आवाजाला मुरायला जागाच नसते. जाड गालिचा, कापडी सोफा, पुस्तकांचं कपाट आणि काचेवर घडीदार जड पडदा एवढ्यानेच मोठा फरक पडतो. त्यानंतरही झणझण राहिली, तर सोफ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कापड लावलेले दोन इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनेल लावून घ्या.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. दुकानात मिळणारा टोकदार फोम खोलीतली झणझण थोडी कमी करतो. तो आवाज शेजारी जाण्यापासून रोखत नाही. आवाज रोखायला वजन लागतं आणि फटी बंद कराव्या लागतात. दाराखालची एक सेंटिमीटरची फटसुद्धा बरंच काही बाहेर सोडते.

१० बाय १०ची चौकोनी बेडरूम थिएटरसाठी निवडायची वेळ आली, तर शक्यतो टाळा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा खर्ज घुमतो. लांबी आणि रुंदी सारखीच असली की तो दोन्हीकडून घुमतो आणि खोलीत एका जागी ढोल बडवल्यासारखा, दुसऱ्या जागी जवळजवळ गायब होतो. १० बाय १४ची खोली याहून कितीतरी बरी.

आणि पंखा! परदेशी मार्गदर्शिकांमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. आपल्या खोलीच्या बरोबर मधोमध तो फिरतो. प्रोजेक्टरचा झोत त्याच्या पात्यांतून जाणार असेल तर पडद्यावर सावल्या नाचतील, आणि छतातल्या स्पीकरची योग्य जागाही कधी कधी नेमकी त्याचीच असते. पंख्याचा हूक स्लॅबमध्येच असतो, तो सहज हलत नाही. त्यामुळे खोलीचा नकाशा पंख्यापासून काढायला घ्या.

टीव्ही की प्रोजेक्टर

दिवसा बघणार असाल, घरचे येता-जाता बातम्या आणि मालिका लावणार असतील, तर टीव्ही. रात्री दिवे मालवून सिनेमाच बघायचा असेल आणि खोली पूर्ण काळोखी होत असेल, तर प्रोजेक्टर. मधला रस्ता शोधू नका. उजेडाच्या हॉलमध्ये लावलेला प्रोजेक्टर वर्षभरात धूळ खात पडतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

बसायचं अंतर मोजायची सोपी रीत अशी: स्क्रीनच्या कर्णाच्या सव्वा ते दीडपट. ६५ इंची टीव्हीसाठी हे अंतर साधारण पावणेसात ते सव्वाआठ फूट येतं. स्क्रीनचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला असावा, म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर. टीव्ही भिंतीवर उंच टांगायची सवय मानेच्या मुळावर येते.

प्रोजेक्टर घेताना ‘४के सपोर्ट’ या शब्दांना भुलू नका. त्याचा अर्थ एवढाच, की ४केची फाइल आत घेता येते. बाहेर पडणारं चित्र किती बिंदूंचं आहे, ते वेगळं विचारा. ३८४० बाय २१६० हे आकडे लेखी हवेत. खोक्यावर उजेडाचे म्हणून छापलेले हजारो लुमेनही असेच, ‘अँसी’ मानकाने मोजलेले लुमेन किती ते विचारा. आणि नेटफ्लिक्स अधिकृतपणे चालतं का, ते दुकानातच लावून बघा. काही स्वस्त प्रोजेक्टरमध्ये ते परवान्याविना घातलेलं असतं आणि चित्र धूसरच राहतं. नेटफ्लिक्सच्या ४के चित्रासाठी प्रीमियम योजना आणि १५ एमबीपीएसचं इंटरनेट लागतं, हेही हिशेबात धरा.

स्पीकर किती हवेत?

५.१.२ म्हणजे कानाच्या उंचीला पाच, एक सब-वूफर आणि वरून येणाऱ्या आवाजाचे दोन. वरून येणारा आवाज देणारं डॉल्बी ॲटमॉस २०१२मध्ये चित्रपटगृहांत आलं, २०१४मध्ये घरांत. १० बाय १४च्या खोलीला ५.१.२ पुरेसं आहे. ७.१.४ विकायचा आग्रह झाला, तर मागचे स्पीकर सोफ्यापासून किती फुटांवर येतात ते विचारा. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर मागे दोन स्पीकर लावून काही साधत नाही.

‘संवाद कळत नाहीत, पण गाणी-मारामारी कर्कश वाजते’ ही तक्रार सगळ्यांत जास्त येते. तिचं कारण बहुतेक वेळा मधला, म्हणजे सेंटर स्पीकर असतो. सुतार त्याला टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलून बसवतो, पुढे फळीची कड येते आणि आवाज खोक्यात बोलल्यासारखा होतो. तो खणाच्या कडेला पुढे ओढा, किंचित वर तिरका करून कानाकडे रोखा. सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद याच स्पीकरमधून येतात. त्यामुळे पैसे वाचवायचे झाले तर मागच्या स्पीकरवर वाचवा, याच्यावर नको.

छताला आपटून आवाज खाली आणणारे स्पीकर सपाट छताखालीच नीट काम करतात. पीओपीत दोन-तीन पायऱ्या, कोव्ह लाइट, मधोमध नक्षी असेल तर ते घेऊ नका. छतातलेच बसवा.

सब-वूफरची जागा कानाने शोधा. तो तात्पुरता सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा. खर्जाचं एखादं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे खर्ज एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, ती सब-वूफरची जागा. दोन कोपऱ्यांत जोडणी काढायला सांगितली, ती यासाठी.

हॉल लहान असेल, भिंती फोडायच्या नसतील, तर चांगला साउंडबार घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त टीव्हीच्या ‘ई-आर्क’ लिहिलेल्या एचडीएमआय जोडणीतच तो लावा. बऱ्याच घरांत तो चुकीच्या जागी लावलेला असतो.

मोटरचे पडदे

टिकतात का, तर चांगल्या मोटरचे टिकतात. बिघाड मोटरपेक्षा मापात आणि कापडात जास्त असतो.

गेल्या उन्हाळ्यात एका स्नेह्यांच्या बाराव्या मजल्यावरच्या घरी गेलो होतो. खिडकी पश्चिमेची, ब्लॅकआउट कापडाचे नवे रोलर ब्लाइंड. दुपारी चारला त्यांनी रिमोट दाबला, ब्लाइंड खाली आला, खोलीत काळोख झाला आणि डाव्या कडेने दोन सेंटिमीटरची उन्हाची पट्टी थेट टीव्हीच्या मधोमध पडली. नळी फिरवणाऱ्या यंत्रणेला दोन्ही बाजूंना जागा लागते, म्हणून कापड नेहमी चौकटीपेक्षा अरुंद असतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीच्या आत बसवायचा असेल तर दोन्ही कडांना साइड चॅनेल मागा. जागा असेल तर ब्लाइंड खिडकीबाहेर भिंतीवर, दोन्हीकडे चार-चार इंच जास्त घेऊन बसवा. आणि माप द्याल तेव्हा सरकत्या खिडकीची जाळी, ग्रिलचं हँडल आणि कडी पुढे किती येते तेही मोजा.

कापडाचे दोन प्रकार ओळखा. ब्लॅकआउट उजेड अडवतो. सनस्क्रीन जाळीदार असतं, त्यावर १, ३, ५ टक्के असे आकडे असतात. तेवढा भाग उघडा, असा त्याचा अर्थ. दिवसा त्यातून बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. पण रात्री आत दिवा लावला की नेमकं उलटं होतं. समोरच्या इमारतीतून तुमचा हॉल स्पष्ट दिसतो. बेडरूमला नुसतं सनस्क्रीन लावू नका. किनारपट्टीच्या घरांत पावसाळ्यात कापडाला बुरशी लागते, तिथे धुता-पुसता येणारं विनाइलचा थर दिलेलं कापड घ्या आणि जून ते सप्टेंबर ते गुंडाळून ठेवू नका.

मोटर विजेवरची की बॅटरीची? पीओपी व्हायचं असेल तर विजेवरची, शंका नको. घर तयार असेल तर चार्जिंगची लिथियम बॅटरीची. पण खिडकी दहा फूट उंचावर असेल तर दर काही महिन्यांनी शिडी कोण चढणार, तेही ठरवा. वीज गेल्यावर विजेची मोटर आहे तिथेच थांबते. इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायची असेल तर इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा. कापडी पडद्यांच्या ट्रॅकमध्ये हाताने ओढता येणाऱ्या मोटरी मिळतात, ज्येष्ठांच्या खोलीत त्याच लावा.

विकत घेताना आणखी हे विचारा:

- रिमोट एकतर्फी आहे का? साध्या ४३३ मेगाहर्ट्झच्या बहुतेक रिमोटना पडदा वर आहे की खाली, ते कळत नाही. फोनवरून पाहायचं असेल तर दुतर्फी किंवा झिग्बी या बिनतारी पद्धतीची मोटर लागते.
- ‘मॅटर’ चालतं का? २०२२मध्ये आलेल्या या मानकामुळे एका कंपनीची मोटर दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये जोडता येते.
- पडद्याची वरची-खालची मर्यादा कशी बसवायची? बसवायला आलेल्या माणसाकडून ती शिकून घ्या आणि व्हिडिओ काढा. कापड ताणल्यावर ती पुन्हा बसवावी लागते.

अमेरिकेतल्या मुलाने किंवा बहिणीने मोटर, अ‍ॅम्प्लिफायर, सेन्सर आणायचं कबूल केलं असेल, तर थांबा. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०. झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीची उपकरणं तिकडे ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात, भारतात ८६५.२वर. दोन्हीकडची एकमेकांशी बोलणार नाहीत. वॉरंटी इथे चालणार नाही ती वेगळीच.

घरभर गाणी

ब्लूटूथने सुरुवात करायला हरकत नाही, पण त्यावर अख्खं घर उभारू नका. आवाज दाबून पाठवला जातो, खोली बदलली की तुटतो आणि फोन वाजला की गाणं थांबतं. वाय-फायवरच्या क्रोमकास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्टसारख्या पद्धतीत फोन फक्त काय लावायचं ते सांगतो, गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून घेतो. फोन आला तरी आईच्या खोलीतला अभंग चालू राहतो.

दर्जाचं म्हणाल, तर सीडीचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. ॲपल म्युझिक २०२१पासून तेवढा आणि त्याहूनही वरचा आवाज देतं. ज्यांचं ऐकणं जुन्या ख्यालांचं, नाट्यपदांचं आहे, त्यांनी या आकड्यांपेक्षा स्पीकरकडे लक्ष द्यावं. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची ती गायकी मोनोत, तीन-साडेतीन मिनिटांत मावलेली आहे. तिला आठ स्पीकर नकोत. दोन चांगले स्पीकर आणि तुम्ही, असा समभुज त्रिकोण करा. गळा बरोबर मधोमध उभा राहतो, तानपुऱ्याचा झंकार आणि तबल्याची शाई वेगवेगळी ऐकू येते. माझं स्पष्ट मत असं, की घरभर सहा छतातले स्पीकर लावण्यापेक्षा जिथे तुम्ही खरोखर बसून ऐकता त्या एका खोलीत दोन उत्तम स्पीकर लावा, आणि स्वयंपाकघर, देवघर, गॅलरी इथे साधे.

छतातले लावायचेच असतील तर एक धोका लक्षात ठेवा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. बहुतेक घरगुती अ‍ॅम्प्लिफायर २ ओहमवर तापून बंद पडतात किंवा जळतात. ‘एकाच चॅनेलवर चारही घेतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबवा.

आणि प्रत्येक खोलीत हाताने दाबायचं एक बटण ठेवा. ॲप सगळ्यांना जमत नाही, पहाटे भूपाळी लावणाऱ्या आजीला तर मुळीच नाही.

वीज

अर्थिंग तपासून घ्या. स्पीकरमधून येणारी ‘घूंऽऽ’ अनेकदा सदोष अर्थिंगमुळे असते. वळवाच्या पावसात वीज कडाडली, की केबल आणि इंटरनेटच्या वायरीतूनही झटका आत येतो. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा, आणि राउटरला छोटा यूपीएस.

शेजारी आणि ५५ डेसिबल

ध्वनिप्रदूषण नियम २०००नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. खासगी जागेतली ध्वनियंत्रणा त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त ऐकू येता कामा नये. शेजारी ११२वर तक्रार करू शकतो, आणि ती रास्त असेल. खर्ज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जातो. सब-वूफरखाली जाड रबराचे पॅड ठेवा, रात्री अ‍ॅम्प्लिफायरचा ‘नाइट मोड’ लावा आणि यंत्रणा बसल्याच्या पहिल्याच संध्याकाळी खालच्या घरी जाऊन किती ऐकू येतं ते स्वतः ऐका.

कोटेशन, पैसे आणि पासवर्ड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत वायरी, जोडण्या, पट्ट्या जरूर घ्या. निवड भरपूर आणि भाव चांगला. मोठी उपकरणं मात्र भारतातली वॉरंटी आणि जीएसटीचं बिल असल्याशिवाय घेऊ नका. ग्रे मार्केटचा अ‍ॅम्प्लिफायर वीस टक्क्यांनी स्वस्त मिळाला आणि सहा महिन्यांत बंद पडला, की सर्व्हिस सेंटर सीरियल नंबर बघून परत पाठवतं. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरचे टीव्ही आणि प्रोजेक्टर यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या कोटेशनवर बोलणी चालली असतील तर ते पुन्हा मागवा. टीव्ही आणि अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बघा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो.

कंत्राटदाराशी लेखी ठरवायच्या गोष्टी:

- प्रत्येक उपकरणाचं मॉडेल, नग आणि दर. ‘सराउंड स्पीकर सेट’ एवढ्यावर सही करू नका.
- पैसे टप्प्यांत: वायरी तपासून झाल्यावर, उपकरणं घरी आल्यावर, आणि निदान दहा टक्के रक्कम, यंत्रणा पंधरा दिवस बिनचूक चालल्यावर.
- ‘माईक लावून सेटिंग’ कोटेशनमध्ये आहे का? स्पीकरची अंतरं आणि पातळ्या मोजून जुळवल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरू नका.
- वायरींचा अंतिम नकाशा, सर्व ॲपचे आणि राउटरचे मुख्य पासवर्ड, आणि कंट्रोल सिस्टिम असेल तर तिच्या प्रोग्रॅमची फाइल.

यातल्या शेवटच्या मुद्द्यावर अडून बसा. सगळी खाती कंत्राटदाराच्या ईमेलवर उघडलेली असतात आणि तो धंदा बंद करून गेला, किंवा तुमचं त्याच्याशी बिनसलं, की स्वतःच्या घरातला पडदा वर करण्यासाठी तुम्हाला त्याची विनवणी करावी लागते. खाती पहिल्या दिवसापासून तुमच्या ईमेलवर उघडा. त्याला पाहुणा म्हणून प्रवेश द्या, काम झालं की काढून घ्या.

बिघडलं आणि कुणी ऐकेना, तर

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने आहे. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही. वाईट बसवणी ही सेवेतली त्रुटी ठरते. दुकानदार ‘कंपनीकडे जा’ म्हणाला आणि कंपनी ‘दुकानदाराकडे’, तर तक्रारीत दोघांनाही घ्या.

आधी लेखी नोटीस द्या, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, १५ दिवसांची मुदत घालून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग: मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ‘ई-जागृती’वर ऑनलाइन. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची.

आयोगापुढे उपयोगी पडतात ते बिल, सही केलेलं कोटेशन, छत बंद होण्याआधीचे टेप लावलेले फोटो आणि कंत्राटदाराबरोबरचे व्हॉट्सॲप संदेश. फोन बदलताना हे संदेश जाऊ शकतात. काम चालू असतानाच ते ईमेलवर पाठवून ठेवा.